ओढ्याच्या अलीकडं

"आज्जी, पाय बघू."

दोन महिन्यांनी भेटलेल्या नातीचं हे पहिलं बोलणं. ती वाकली तेव्हा मला वाटलं पाया पडतेय. मी आशीर्वादाला हातसुद्धा उचलला. बघते तर ही खाली उकिडवी बसून माझ्या चपला न्याहाळत होती.

"पाय काय बघतीस? तोंडाकडं बघून बोलावं माणसाशी."

"तोंड ओळखीचं आहे. या चपला नाही चालणार. पुढं शेवाळ आहे."

"ह्याच चपला घालून मी श्रीशैलला जाऊन आले."

"श्रीशैलला शेवाळ नसेल," ती म्हणाली आणि कुणाचे तरी मळके बूट माझ्यापुढं ठेवले.

मी तिच्याकडं बघत राहिले. कंबरेपर्यंतची वेणी गेली होती, मानेवर पोरासारखे केस. गालफडं बसलेली, नाक उन्हानं सोललेलं. गळ्यात काळ्या दोरीत एक पिवळी शिट्टी.

"हे गळ्यात काय? बसचा कंडक्टर झालीस?"

"आज मी लीडर आहे."

"कुणाची?"

"सगळ्यांची. तुझीपण."

मागं उभी असलेली पोरं फिस्सकन हसली. मी मान वळवून बघितलं तशी गप्प झाली.

आमचं गडहिंग्लजला मिरची कांडप. चटणीचा धंदा नवऱ्याच्या हयातीत एका खोलीत होता, तो मी वाढवला. मी चौथी शिकले, त्यातलीही अर्धी चौथी मिरच्या निवडण्यात गेली. पण मिरचीच्या पोत्यात हात घातला की आणणाऱ्याच्या पोटात काय आहे ते मला कळतं. वरची मिरची लालभडक असली आणि आणणारा जास्त हसत असला, की मी सरळ तळाला हात घालते.

शिवलीला माझ्या महांतेशची थोरली. आम्ही लीला म्हणतो. बारावीला चांगले मार्क पडले. मी मनात धरलं होतं की आता ही कॉलेज करत कांडपावर बसेल, माझ्या हाताखाली तयार होईल. तर ही म्हणाली, एक वर्ष कॉलेज नको, रानसत्राला जाते. मी म्हटलं, हे काय नवीन? तर बारावी झालेल्या पोरापोरींना चार महिने सह्याद्रीच्या रानात न्यायचं, पाठीवर ओझं द्यायचं, वाट शोधायला लावायची, चुलीवर शिजवायला लावायचं, आणि याला शिक्षण म्हणायचं. मोबाईल पहिल्याच दिवशी काढून घेतात. मी महांतेशला म्हटलं, ज्यांना पोरांनी घरी बोललेलं चालत नाही, त्यांच्याकडं काहीतरी लपवायला असणार. तो म्हणाला, "आई, तुला सगळ्यांचाच संशय येतो." आणि माझ्या पाठीमागं सही करून मोकळा झाला.

दोन महिन्यांनी पालकांना बोलावलं. चंदगडच्या पुढं घाटमाथ्यावर सकाळी जमायचं, दिवसभर पोरांबरोबर चालायचं आणि संध्याकाळी पलीकडच्या आंबेखोल गावात उतरायचं. तिथून पालक आपापल्या घरी, पोरं परत रानात. महांतेशला मी म्हटलं, तू कांडप सांभाळ, मी जाते. त्याला बरं वाटलं. त्याला काय माहीत, माझा बेत वेगळाच होता.

माझ्या भावाचा पोरगा भीमू जीप चालवतो. त्यानं मला सकाळी सोडायचं आणि रस्त्यानं वळसा घालून आंबेखोलला येऊन थांबायचं. लीला चालून उतरली, दमली, की गोड बोलून तिला जीपमध्ये घालायचं आणि घर गाठायचं. एकदा घरी आल्यावर कोण परत पाठवतंय?

"भीमू, लीलाला यातलं एक अक्षर कळता कामा नये."

"न्हाई कळणार, आत्ती."

आणि मी बूट चढवत बसले होते तेवढ्यात बघते, तर लीला जीपच्या खिडकीला टेकून भीमूशी हळू आवाजात बोलतेय. भीमू मान डोलावतोय. मी हाक मारली तशी दोघं दचकली. भीमूनं गाडी चालू केली आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

"काय बोलत होतीस त्याच्याशी?"

"काही नाही. घरचं विचारत होते."

"घरचं मला विचार की. मी कुठल्या घरातनं आले?"

"चल आज्जी, उशीर होतोय." तिनं शिट्टी फुंकली आणि सगळे उठले. पुण्यामुंबईचे सुटाबुटातले बाप, त्यांच्या बायका, पंधराएक पोरं, सगळे. तिच्या एका शिट्टीवर.

निघायच्या आधी रानसत्राचा मुख्य माणूस बोलला. बर्वे त्याचं नाव, पोरं त्याला बर्वेदादा म्हणतात. काटकुळा, दाढी वाढलेली, आणि तोंडावर सतत हसू. मी लगेच ताडलं, याच्या तळाला हात घालावा लागणार.

"आमचा नियम सोपा आहे," तो म्हणाला. "रोज एक मुलगा किंवा मुलगी लीडर. शिट्टी ज्याच्या गळ्यात, त्याचा शब्द शेवटचा. थांब म्हटलं की थांबायचं, चला म्हटलं की चालायचं. लीडरनं फक्त कारण सांगायचं. मी सगळ्यांच्या शेवटी चालतो आणि बोलत नाही. कुणाच्या जिवावर बेतलं तरच तोंड उघडतो. पाहुण्यांनाही हाच नियम."

"मग तुम्ही करता काय?" मी विचारलं.

"बघतो."

"बघायचंच असलं तर माझ्या कांडपावर या, तिथंही बघण्यासारखं पुष्कळ आहे."

सगळे हसले, तोही हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

चालायला लागलो. पहिल्या चढालाच मला दुसरी शंका आली. नेमकी मी येणार त्याच दिवशी माझी नात लीडर कशी? आज्जी खूश होऊन जावी म्हणून केलेला देखावा असणार. आणि पोरीची अवस्था तर बघवेना. पाठीवर तिच्याएवढी सॅक. दर थोड्या वेळानं शिट्टी वाजवून थांबायची. "पाणी प्या," म्हणायची. "फोटो काढा," म्हणायची. एकदा तर एका झाडाचं साल दाखवत सगळ्यांना इतका वेळ बसवलं, की तिच्या वयाचा एक उंच पोरगा, आर्य नावाचा, म्हणाला, "लीला, आज काय सहल आहे का?"

"हो," ती म्हणाली. "सहल आहे. बस."

मी मनात म्हटलं, दमली. दोन महिन्यांत हाडं मोडलीत पोरीची आणि कबूल करायची चोरी. बरंच झालं, जीपमध्ये घालताना फार बोलावं लागणार नाही.

माझं म्हणाल तर माझा उजवा गुडघा वर्षभर दगा द्यायला लागला होता. पण हे घरात मी कुणाला कळू दिलं नव्हतं. आतून पट्टी बांधायची, वर इरकल लुगडं, कुणाच्या बापाला दिसत नाही. ज्या दिवशी घरात कळेल की म्हातारीचा गुडघा गेला, त्या दिवशी कांडपाच्या किल्ल्या हातातनं जातील, हे मला पक्कं ठाऊक होतं. सूनबाई किती मायाळू आहे तेही ठाऊक होतं. मायाळू माणसंच खुर्चीवर बसवून ठेवतात. म्हणून चढाला मी सगळ्यांच्या पुढं चालले. उतार आला की मात्र झाडाझुडपांची नावं विचारत मागं रेंगाळायचं. मागं तो बर्वे. हसत, काही न बोलता.

दुपार कलली तेव्हा ओढा लागला. मोठमोठे काळे दगड, मधून स्वच्छ पाणी. पाणी किती, तर पोटरीलाही धड लागलं नसतं. पलीकडं झाडीतून आंबेखोलचा उतार सुरू होत होता. म्हणजे आता फार राहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं जीप दिसायला लागली.

लीला काठावर उभी राहिली. एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा आभाळाकडं, एकदा मागं वळून आम्हा सगळ्यांकडं. मग शिट्टी वाजवली.

"आज इथंच मुक्काम."

कुणाला वाटलं चेष्टा करतेय.

"वर डोंगरात ढग आहेत," ती म्हणाली. "तिकडं पाऊस झाला तर ओढा चढेल. आपण मध्ये सापडू. सकाळी पाणी बघून उतरू."

"अगं पण ढग कुठं आहेत?" आर्यचे वडील देवस्थळी पुढं आले. त्यांना रात्री बेळगावहून विमान होतं, हे त्यांनी सकाळपासून सगळ्यांना सांगून झालं होतं. "पाच मिनिटांत सगळे पार होऊ. मी स्वतः हात धरून नेतो एकेकाला."

"नाही काका."

"तुम्ही काहीतरी बोला की!" ते बर्वेवर उखडले.

बर्वेनं हात जोडले. "शिट्टी तिच्याकडं आहे."

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळी जीपच्या खिडकीशी झालेली कुजबुज! भीमू फुटला होता. पोरीला कळलं होतं की पलीकडं गाडी उभी आहे. म्हणून ढग, म्हणून पाऊस, म्हणून ओढा. मला आंबेखोल गाठूच द्यायचं नव्हतं! माझंच रक्त ते, मलाच बनवायला निघालं होतं.

मी काठावर गेले.

"एवढ्या पाण्याला भितीस? आमच्या कांडपाच्या मोरीत यापेक्षा जास्त पाणी असतंय."

दोन-चार जण हसले. तिचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही.

"असेल आज्जी. तरी थांबायचं."

"आणि मी उतरले तर?"

"तू नाही उतरायचंस."

"मला कोण अडवणार?"

"मी," ती म्हणाली. सॅक उतरवली आणि माझ्यासमोर, पाण्याच्या आणि माझ्या मधोमध असलेल्या एकमेव सपाट दगडावर जाऊन बसली. "आज तू माझ्या गटात आहेस."

माझ्याशी असं बोलायची छाती माझ्या नवऱ्यालाही झाली नव्हती. मी तिथंच चार शब्द सुनावले. म्हटलं, घरात एक काम पुरं करता आलं नाही आणि इथं माणसं हाकतेय, कालची पोर. म्हटलं, भ्यायलीस ते कबूल कर, त्यात काय लाज आहे. सगळ्यांसमोर म्हटलं. तिनं मान खाली घालून बुटाची नाडी सोडली, परत बांधली.  मला वाटलं, खोटं बोललेल्या माणसाला तोंड कुठलं असायला.

पोरांनी झटपट ताडपत्र्या ताणल्या, चूल मांडली. पालकांना स्वतःच्या झोपायच्या पिशव्या दिल्या. देवस्थळी एकटेच दूर दगडावर बसून मोबाईल आभाळाकडं धरून रेंज शोधत होते. पिठलं-भात झाला. मी लक्ष ठेवून होते, पाणी एक बोटही वाढलं नाही. आभाळ धुतल्यासारखं निळं.

जेवल्यावर मी बर्वेला गाठलं. तो भांडी घासत होता.

"खरं सांगा. पाणी वाढणार आहे?"

"मला नका विचारू आज्जी. तिला विचारा."

"तिला काय विचारायचं? ती खोटं बोलतेय. आणि तुम्हाला ते माहीत आहे. हसताय काय?"

त्यानं हसू आवरलं. पातेल्याला राख लावत म्हणाला, "मी सगळ्यांच्या मागून चालतो. त्यामुळं मला चेहरे दिसत नाहीत. चाल दिसते प्रत्येकाची."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. शिट्टी माझ्याकडं नाही."

हा माणूस सरळ बोलतच नाही, असं म्हणून मी झोपायला गेले. मनाशी ठरवलं, सकाळी सगळ्यांसमोर हिचा खोटेपणा उघडा करायचा. मग रुसून का होईना, येईल घरी.

उजाडलं, पाखरं ओरडायला लागली. मी उठायला गेले आणि गुडघा हललाच नाही. पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. हात टेकून बघितलं, कूस बदलून बघितलं. ताडपत्रीचा खांब धरून उठावं म्हटलं तर खांबच हलला. कुणी बघतंय का म्हणून मान वळवली, तर लीला शेजारीच बसली होती. हातात गरम पाण्याची बाटली, मांडीवर गुंडाळलेली पट्टी. जणू केव्हाची बसलीय.

 तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, माझी जुनी पट्टी सोडली, गरम बाटलीनं हळूहळू शेकायला लागली. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

"तुला कुणी सांगितलं?" मी कुजबुजले.

"पाय ढिला सोड."

"लीले, तुला कुणी सांगितलं?"

"काल सकाळी भीमूकाकाला विचारलं. आज्जीचा गुडघा कसा आहे म्हटलं. तो म्हणाला, पट्टी बांधून आलीय, बोलू नको." तिनं नवी पट्टी गुंडाळायला घेतली. "गेल्या दिवाळीत तू जिना उतरायचीस तेव्हा कठडा धरायचीस. आधी नव्हतीस धरत."

मी पाण्याकडं बघितलं. ओढा काल होता तसाच होता.

"म्हणजे पाणी चढणार नव्हतं."

"नव्हतं."

"मग थांबवलंस कशाला?"

"ओढ्याचं काही नाही. पलीकडचा उतार. सगळा ओला दगड आहे आणि उन्हाचं नाव नाही. तुझ्या चालीनं मध्येच अंधार पडला असता." पट्टीचं टोक तिनं दातानं फाडलं. "आता उजेडात सावकाश जाऊ."

"आणि मी काल बोलले तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. कालपासून पहिल्यांदा तोंडाकडं बघितलं.

"सांगितलं असतं तर तू उडी मारून पलीकडं गेली असतीस."

मी लुगडं खाली ओढून घेतलं. 

चहा झाल्यावर बर्वेनं सगळ्यांना गोल बसवलं. रोज सकाळी असंच असतं म्हणे. कालचा लीडर मध्ये उभा राहतो. बाकीचे एकेक करून सांगतात, काय चुकलं, काय जमलं. लीडरनं मध्ये बोलायचं नाही, ऐकायचं. मग शिट्टी दुसऱ्याकडं.

लीला मध्ये उभी राहिली, हात मागं बांधून.

आर्यच आधी बोलला. "तू सारखी थांबवत होतीस. आणि पाण्याचा अंदाज साफ चुकला तुझा. वरचे ढग आपल्याकडं येणारे नव्हतेच. हे आपण पहिल्याच महिन्यात शिकलोय."

एक मुलगी म्हणाली, "शिधा आज संपेल. उद्याचा काल शिजला."

देवस्थळी म्हणाले, "माझं विमान गेलं. एका मुलीच्या भीतीपायी. मला हे कळत नाही की उद्या खरा प्रसंग आला तर अशा निर्णयावर माझ्या मुलानं जीव टाकायचा का?"

बर्वे हसत नव्हता. त्यानं विचारलं, "गटाला काय वाटतं? लीलाला पुन्हा शिट्टी द्यावी?"

शेवटच्या महिन्यात पोरं त्यांच्या त्यांच्या जिवावर लांबच्या मोहिमेला जायची होती. शिट्टी गेली म्हणजे तिथं फक्त ओझं वाहायचं, हे मला कळलं. लीलालाही कळत होतं.  दोन-तीन पोरांनी नाही म्हणून माना हलवल्या. बाकीची खाली बघत होती.

आता खरं सांगते. मला नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच. शिट्टी गेली असती, पोरगी तुटली असती, आणि पलीकडं जीप उभी होती. मी नुसतं "चल बाळा" म्हटलं असतं तरी आली असती. माझा गुडघाही झाकलेला राहिला असता, किल्ल्याही कमरेला राहिल्या असत्या. सगळं माझ्या मनासारखं, आणि माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. आणि ती बोलणार नव्हती. मध्ये उभी राहून कालचे माझे शब्द जसे ऐकले तसे ह्यांचेही ऐकत होती.

मी उठायला लागले. एका झटक्यात उठता आलं नाही. आधी हात टेकला, मग शेजारच्या पोरीच्या खांद्याचा आधार घेतला, मग आर्यनं येऊन दंडाला धरलं. सगळा गोल बघत होता. उठेपर्यंत अर्धं बोलून झाल्यासारखंच होतं.

"पाणी खोटं होतं," मी म्हटलं. "गुडघा खरा आहे. माझा. काल माझ्यामुळं थांबली ती, वाटेतही माझ्यामुळंच थांबत होती. मला लाज वाटू नये म्हणून पाण्यावर ढकललं तिनं. विमानाचं मला सांगा देवस्थळी, तिला नको."



"खरं आहे?" बर्वेनं लीलाला विचारलं.

"हो."

मला वाटलं, आता हा हसेल. पाठ थोपटेल, शाबास म्हणेल, आज्जीसाठी टाळ्या वाजवायला लावेल. असल्याच गोडव्यानं पोरं नादी लावतात ही, असं मी धरूनच आले होते. तर तो ताठ झाला.

"मग हे पाण्याच्या चुकीपेक्षा वाईट आहे. इतकी माणसं तुझ्या शब्दावर थांबली. उद्या खरंच पाणी चढलं आणि तू थांबा म्हणालीस, तर आर्य थांबेल?"

"नाही," लीला म्हणाली.

"का नाही?"

"मी पाण्याबद्दल खोटं बोलले म्हणून."

"अहो, तिनं माझ्यासाठी..." मी मध्ये घुसले.

"आज्जी, तुमचं बोलून झालंय. बसा."

मी बसले! गडहिंग्लजच्या बाजारात मला बसा म्हणणारा अजून जन्मायचा होता, आणि मी बसले. बर्वेकडं डोळे बारीक करून बघत होते, पण बसले.

"पुढच्या वेळी काय करशील?" त्यानं विचारलं.

"आज्जीसमोर सांगेन. तुझा गुडघा दुखतोय, म्हणून थांबतोय."

"आणि आज्जी चिडल्या तर?"

लीलानं माझ्याकडं बघितलं. रडली नव्हती, डोळे कोरडे होते.

"चिडू दे," ती म्हणाली.

 बर्वेनं तिच्या गळ्यातली शिट्टी काढून आर्यच्या गळ्यात घातली. "तुझी पाळी आता सगळ्यांच्या शेवटी येईल," तो लीलाला म्हणाला. "पण येईल."

आर्यनं शिट्टी हातात धरली, वाजवली नाही. "सगळ्यात हळू चालणारा सगळ्यांच्या पुढं," तो म्हणाला. "आज्जी, तुम्ही पुढं. कारण, तुमचा गुडघा दुखतोय."

"कळलं बाबा, कळलं," मी म्हटलं. "गावभर करा आता."

ओढा दोन मिनिटांत ओलांडला. उतार मात्र तिनं सांगितला तसाच होता. दगडाला बूट टेकला की सरकायचा. लीला माझ्या पुढं उलटी चालत होती, तोंड माझ्याकडं, पाठ उताराकडं. "डावा इथं. आता उजवा. त्या मुळावर नको." दोनदा मी तिच्या अंगावर सगळा भार टाकला आणि ती हलली नाही. काल संध्याकाळी याच वाटेनं मी एकटी निघाले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

आंबेखोलच्या देवळापाशी भीमू जीपला टेकून उभा होता. रात्रभर गाडीत झोपला होता, तोंड सुजलेलं.

"फुटलास ना?" मी त्याला म्हटलं.

"गाडीचं मी काय बोललो न्हाई आत्ती, शपथ. तीच म्हणाली, भीमूकाका, पलीकडं येऊन थांब, आज्जीला परत चालवायचं नाही. मी म्हटलं बरं. तुम्ही तेच सांगिटलं होतं, तिनं तेच सांगिटलं. मी कुणाचं मोडू?"

लीलानं जीपचं पुढचं दार उघडलं. सीटवर स्वतःचा स्वेटर घडी करून ठेवला, माझा पाय त्यावर येईल असा. माझे बूट काढले, चपला घातल्या.

"गाडीत जागा आहे," मी म्हटलं. "मागं सॅक बसेल."

"आज्जी."

"केस वाढतील घरी. तूप-भात खाशील."

"आज्जी, अजून दोन महिने आहेत."

"मी चिडले तर?"

ती दार धरून उभी होती. बर्वे लांब पोरांबरोबर पाणी भरत होता, इकडं बघतही नव्हता. तो इकडं बघत असता तर मला बोलायला कुणीतरी मिळालं असतं.

"चिड," ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली. या खेपेला खरीच पडली. मग दार लावलं, ते नीट लागलं का ते ओढून बघितलं आणि भीमूला म्हणाली, "काका, खड्डे बघून चालव."

जीप सुरू झाली. गावाबाहेर पडेपर्यंत भीमू तिरक्या नजरेनं माझ्याकडं बघत होता. मग त्याला राहवेना.

"आत्ती, महांतेशदादाला काय सांगायचं? आपण लीलाला आणायला गेलो होतो..."

"सांग," मी म्हटलं, "आणायला गेलो होतो. तिनंच आत्तीला गाडीत बसवून घरी पाठवलं. आणि दात काढू नकोस, समोर बघून चालव."